नार्नियाचा सात पुस्तकांचा संच : काही महिन्यांच्या वाचनानंतर

नार्निया या काल्पनिक जादुई देशाच्या मुलांसाठी लिहिलेल्या गोष्टींचा, खोक्यात मिळणारा सात पेपरबॅक पुस्तकांचा संच मी पावसाळ्याच्या तोंडावर घेतला आणि दिवाळी उलटून गेल्यावर हे लिहीत आहे. निमित्त असे झाले की, तिसऱ्या पुस्तकाची पाने मधोमध सुटून हातात आली आणि विक्रेत्याने 'परत करण्याची मुदत संपली आहे' हे एकच वाक्य वेगवेगळ्या माणसांच्या तोंडून ऐकवून मला आठवडाभर टोलवले. कागद पातळ, अक्षर बारीक आणि बांधणी नुसत्या डिंकावर असलेल्या या मालाला पूर्ण किंमत मोजल्याचे दुःख आहेच. मात्र या संचाचा खरा राग मला त्याच्या पाठीवर छापलेल्या १ ते ७ या आकड्यांमुळे येतो.

ही पुस्तके शाळेत असताना वाचनालयातून मिळतील तशी वाचली होती आणि सुदैवाने पहिले हाती आले ते 'द लायन, द विच अँड द वॉर्डरोब'. सी. एस. लुइस यांचे हे पुस्तक १९५० मध्ये निघाले आणि पुढे दरवर्षी एक याप्रमाणे १९५६ पर्यंत सातही पूर्ण झाली. 'द मॅजिशियन्स नेफ्यू' १९५५ चे, म्हणजे सहावे. त्यात नार्नियाच्या जन्माची कथा असल्यामुळे १९९४ पासून ते क्रमांक एकवर बसवण्यात आले आणि कपाटाचे पुस्तक दुसरे झाले. कालक्रमाच्या दृष्टीने हे बिनचूक आहे, वाचकाच्या दृष्टीने मात्र ही नासाडी आहे. लहानगी ल्युसी कपाटातले कोट बाजूला सारत पुढे जाते, पायाखाली बर्फ लागतो आणि निर्मनुष्य रानात एक रस्त्यावरचा दिवा जळताना दिसतो. तो तिथे कोणी आणि कशासाठी लावला, हे कोणीच सांगत नाही, यातच त्या प्रसंगाची सारी जादू आहे. क्रमांक एकपासून सुरुवात करणाऱ्याला मात्र तो खांब लंडनमधल्या दिव्याच्या मोडक्या लोखंडी दांड्यातून उगवला, हे आधीच ठाऊक असते; ते कपाट कोणत्या सफरचंदाच्या झाडाचे आणि घराचे मालक असलेले प्राध्यापक मुळात कोण, हेही ठाऊक असते. त्यामुळे ल्युसी कपाटातल्या देशाच्या थापा मारते, अशी तक्रार तिच्या भावंडांनी नेल्यावर प्राध्यापक तिची बाजू घेतात, तेव्हा बसणारा सुखद धक्काही जातो. शिवाय ॲस्लन या सिंहाचे नाव प्रथम निघते तेव्हा लेखक म्हणतो की, तो कोण हे या मुलांना तुमच्याइतकेच ठाऊक नव्हते. मागच्याच पुस्तकात ॲस्लनला गाऊन सृष्टी निर्माण करताना पाहिलेल्या वाचकाने या वाक्याचे काय करावे?

आकड्यांचे समर्थक लुइस यांच्या १९५७ मधल्या पत्राचा दाखला देतात. अमेरिकेतल्या एका मुलाला त्यांनी कळवले होते की, तुझ्या आईच्या प्रकाशनक्रमापेक्षा तुझा कालक्रमच मला अधिक पटतो. त्याच पत्रात पुढे ते असेही म्हणतात की, पुस्तके कोणत्या क्रमाने वाचली याने कदाचित फारसा फरक पडत नाही. एका लेकराचे मन राखणाऱ्या पत्राला शासननिर्णयाचे वजन देण्याचे कारण मला समजत नाही.

एवढे लिहून झाल्यावर भाचीचा अनुभव नोंदवणे भाग आहे, कारण तिने संच पाठीवरच्या आकड्यांप्रमाणेच वाचला. दिव्याचे कोडे तिला पडलेच नाही, हे खरे, पण कपाटामागच्या रानात तो खांब आला तेव्हा "अगं मावशी, हा तोच, केवढा झाला बघ!" असे ओरडून तिने घर डोक्यावर घेतले. गूढाच्या जागी तिला ओळखीचा आनंद मिळाला आणि तो खोटा नव्हता. तेव्हा 'नासाडी' हा वरचा शब्द मी 'नुकसान' इतका खाली आणते. त्याहून खाली आणणार नाही.

मोठेपणी वाचताना सर्वाधिक काही हाती लागले असेल तर ते खाण्यापिण्याच्या वर्णनांतून. टर्किश डिलाइट या मिठाईसाठी ल्युसीचा भाऊ एडमंड सख्ख्या भावंडांना विकायला निघतो, हे लहानपणी मला फार थोर मिठाईचे लक्षण वाटले होते. पुढे ती प्रत्यक्ष खाल्ली तेव्हा ती गुलाबपाणी शिंपडलेल्या कराची हलव्यासारखी लागली. भावंडे विकण्याजोगे तिच्यात काही नाही. परंतु ब्रिटनमध्ये मिठाईवरचे रेशनिंग १९५३ च्या फेब्रुवारीत आणि लोण्यावरचे १९५४ मध्ये उठले, हे लक्षात ठेवून तेच प्रसंग वाचले की अर्थ बदलतो. बीव्हर या बोलणाऱ्या प्राण्यांच्या दांपत्याच्या घरी ताजे मासे आणि बटाटे वाढलेल्या टेबलावर मधोमध पिवळ्याधमक लोण्याचा मोठा गोळा असतो आणि ज्याला हवे तेवढे त्याने घ्यावे, अशी मुभा असते. १९५० च्या इंग्रज मुलाला या पानावर बोलणाऱ्या प्राण्यांपेक्षा लोण्याचेच नवल अधिक वाटले असेल.

ॲस्लनच्या रूपाने येशूच सांगितला आहे, अशी या ख्रिस्ती रूपकाची तक्रार बहुतेक जण करतात. मला ते रूपक फारसे जाचले नाही, पुराणकथा ऐकत वाढलेल्या माणसाला गोष्टीत देव भेटल्याचा धक्का बसत नाही. नार्नियाच्या दक्षिणेकडल्या कॅलोर्मेन या देशाचे सावळे, पगडीधारी, लबाड लोक मात्र खटकतात आणि पाने सुटलेले 'द हॉर्स अँड हिज बॉय' हे नेमके त्यांचेच पुस्तक असल्याने ते पुन्हा जुळवून वाचण्याचा उत्साह मला राहिला नाही. उलट शाळेत कंटाळून अर्धवट टाकलेले 'द सिल्व्हर चेअर' आता सातांत सरस वाटते, ते पडलग्लम या एकट्या पात्रामुळे. हा इसम कायम वाईटाचीच खात्री बाळगणारा. पण भुयारात जादूगारीण सुगंधी चूर्ण आगीत टाकून 'सूर्य नाही, नार्निया नाही' असे सर्वांच्या गळी उतरवत असते, तेव्हा तोच अनवाणी पायाने निखारे तुडवतो आणि भाजल्या कातडीच्या वासाने सगळे भानावर येतात. मग तो म्हणतो की, आमचे जग कल्पनेतले असेलही, पण तुझ्या खऱ्या जगापेक्षा ते चांगले आहे.

शेवटच्या पुस्तकाविषयी मात्र राग आहे आणि तो कमी होत नाही. लिपस्टिक, नायलॉनचे मोजे आणि पार्ट्यांची निमंत्रणे यांत रमलेली ल्युसीची थोरली बहीण सुझन नार्नियाची मैत्रीण उरली नाही, असे दोन-चार वाक्यांत उरकून तिला वगळले जाते. लहानपणी मी तिथे न थांबता पुढे गेले होते. आता दिसते ते हे की, रेल्वे अपघातात तिचे आईवडील, दोन भाऊ आणि बहीण एकाच दिवशी गेलेले आहेत, ती सर्व मंडळी आनंदलोकात फळे खात आहेत आणि मागे राहिलेल्या या मुलीचे काय झाले, हे विचारण्याइतकीही कोणाला आठवण नाही.

राहता राहिला पैशांचा प्रश्न. सातही पुस्तके अखेर पेठेतल्या बाइंडरकडे दिली, त्याने ती शिवून कापडी पुठ्ठ्यात बसवली आणि त्यापायी संचाच्या निम्म्याहून अधिक किंमत पुन्हा खर्च झाली. घेणाऱ्यांनी पदपथावरच्या जुन्या सुट्या प्रती जमतील तशा घ्याव्यात; मुखपृष्ठे जुळणार नाहीत, पण पॉलीन बेन्स यांची चित्रे आत आहेत एवढे तपासावे. नव्या पाठींवर बाइंडरने पुस्तकांची नावे सोनेरी अक्षरांत उमटवली आहेत. आकडे कोणत्या क्रमाने घालायचे, यावर भाचीचे आणि माझे एकमत न झाल्यामुळे ते घातलेले नाहीत.