कोथरूड: फर्निचरमधल्या भुंग्यांसाठी पेस्ट कंट्रोल, काम चोख

पलंगाखाली मैद्यासारखी बारीक पूड आणि लाकडावर टाचणीच्या डोक्याएवढी भोकं दिसली, तर ती वाळवी नव्हे, लाकूड पोखरणारे भुंगे. इथले कामगार नुसता फवारा मारून मोकळे होत नाहीत, याचंच कौतुक. प्रत्येक भोकात सिरिंजने औषध सोडतात (क्लोरपायरिफॉस 20 ईसी, म्हणजे 20 टक्के तीव्रतेचं पातळ कीटकनाशक, त्याच्या 1 भागाला 19 भाग रॉकेल) आणि वर मेण भरतात. पाण्यात कालवलेलं औषध पॉलिशवरून ओघळतं, आतल्या अळीपर्यंत पोचतच नाही. सागाचा गाभा सहसा वाचतो. कीड धरते ती बाहेरच्या पांढऱ्या लाकडाला आणि बांबूला. भुंगे अंडी घालतात ती उघड्या लाकडात, त्यामुळे पॉलिश नसलेली मागची बाजू कामगारांना आवर्जून दाखवा, ती त्यांच्याकडून सुटते. रॉकेल आहे, वास जाईपर्यंत खिडक्या उघड्या ठेवा, देवाचा दिवासुद्धा लांब लावा.