पिसे उपटणाऱ्या कोंबडीसाठी चोचीवरचा ‘चष्मा’: वापरानंतरचे मत

परसात कोंबड्या पाळणाऱ्याला आज ना उद्या हा त्रास भोगावा लागतोच. एखादी कोंबडी दुसरीच्या पाठीवरची किंवा शेपटीच्या बुडाजवळची पिसे उपटू लागते, आणि वेळीच अडवले नाही तर उघड्या पडलेल्या कातडीतून रक्त येऊन सगळा कळप त्याच जागेवर तुटून पडतो. यावरचा तयार उपाय म्हणून चोचीवर बसवायचे प्लास्टिकचे छोटे चष्मे मिळतात. माझ्या कळपातल्या मोजक्या उपद्रवी कोंबड्यांना ते बसवून पाहिल्यावर झालेले मत येथे मांडत आहे.

नाव चष्मा असले तरी त्यातून आरपार काही दिसत नाही. दोन अपारदर्शक चकत्या, त्यांना जोडणारा लवचिक पूल आणि नाकपुड्यांत टेकणाऱ्या दोन बारीक खुंट्या, एवढाच हा ऐवज आहे. कोंबडीचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्यामुळे तिला आजूबाजूचे आणि खालचे दिसत राहते. नेम धरून चोच मारण्यासाठी लागणारे नाकासमोरचे दृश्य तेवढे झाकले जाते. ही कल्पना नवी नाही. अमेरिकेतील टेनेसी राज्यातल्या अँड्र्यू जॅक्सन ज्युनियर यांना 1903 साली कोंबड्यांच्या चष्म्याचे पेटंट मिळाले होते. मात्र तो चष्मा ज्या कोंबडीवर हल्ला होतो तिचे डोळे वाचवण्यासाठी होता. पुढे लाल काचांचे चष्मेही आले, कारण सगळेच लाल दिसू लागले की जखमेवरचे रक्त वेगळे उठून दिसणार नाही असा त्यामागचा हिशेब होता. आजचा चष्मा हल्ला करणारीच्या चोचीवर बसतो, आणि हा बदल मला अधिक शहाणपणाचा वाटतो.

खरेदी करताना एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून पाहावी. काही चष्म्यांसोबत एक पिन येते, जी दोन नाकपुड्यांमधला पडदा भोसकून आरपार घालायची असते. तो प्रकार क्रूर आहे आणि अनावश्यकही. बिनपिनेचा चष्मा तेच काम करतो. मी ज्या विक्रेत्याकडून माल घेतला, त्याच्या वर्णनात हा फरक कोठेही स्पष्ट केलेला नव्हता, आणि सोबतच्या कागदावर एका चित्रापलीकडे काही सूचना नव्हत्या.

बसवणे हे दोन माणसांचे काम आहे. अंधार पडल्यावर कोंबड्या शांत असतात, तेव्हा एकाने कोंबडीला टॉवेलमध्ये गुंडाळून काखेत धरावे आणि दुसऱ्याने पकडीने चष्मा जेमतेम फाकवून खुंट्या नाकपुड्यांत सोडाव्यात. जास्त फाकवला तर प्लास्टिकचा ताण जातो आणि चष्मा लवकरच गळून पडतो. सुरुवातीला कोंबडी मान झटकते, पायाने चोच खाजवते, उलटी चालत जाते. हे पाहवत नाही, पण लवकरच ती सरावते. सपाट जमिनीवर टाकलेला दाणा मात्र तिला नीट टिपता येत नाही. चोच दाण्याच्या शेजारी पडते आणि ती पुन्हा पुन्हा मातीच टोचत राहते. म्हणून खाद्य खोलगट भांड्यात भरपूर आणि पाणी रुंद तोंडाच्या भांड्यात द्यावे, तसेच बसायची काठी थोडी खाली घ्यावी. नाकपुडीत घाण साचते का, सूज येते का, हे रोज पाहणे टाळता येणार नाही. पिल्ले, लहान चणीच्या जाती आणि डोक्यावर पिसांचा झुबका असलेल्या जातींच्या कोंबड्या यांना हा चष्मा बसवू नये.

परिणामाबद्दल तक्रार नाही. चष्मा घातलेल्या कोंबड्यांचे उपटणे जवळजवळ तत्काळ थांबले आणि इतरांच्या पाठींवर नवी पिसे फुटू लागली. मात्र ही कोवळी पिसे रक्ताने भरलेली असतात आणि तीच इतरांना सर्वाधिक मोह घालतात, त्यामुळे चष्मा काढण्याची घाई करू नये. शिवाय मुळासकट उपटलेले पीस पुन्हा उगवते, तर अर्धवट तुटून बुंधा कातडीत राहिलेले पीस पुढच्या पिसझडीपर्यंत तसेच राहते. तेवढ्यावरून चष्मा निकामी ठरवणे अन्यायाचे होईल.

माझा खरा आक्षेप पाकिटावरच्या ‘कायमचा उपाय’ या शब्दांना आहे. पीस बहुतांशी केराटिन या प्रथिनाचे बनते आणि त्यासाठी गंधकयुक्त अमिनो आम्ले लागतात. अंड्यांवरच्या कोंबडीच्या खाद्यात साधारण 16 टक्के प्रथिने हवीत, आणि कौतुकाने वरून घातलेला मका ते प्रमाण खाली आणतो. दाटीवाटी, कडक उजेड, उकाडा, उकरायला काहीच नसणे, झटक्यात संपणारे पेलेट (दाबून केलेल्या गोळ्यांचे खाद्य) ही कारणेही तितकीच जुनी आहेत. भरडलेले खाद्य खायला वेळ लागतो, त्यामुळे चोच कामात राहते. रात्री बॅटरी घेऊन काठीच्या सांध्यांत लाल कीड आणि गुदद्वाराजवळच्या पिसांच्या बुडाशी उवांची अंडी शोधावीत. यांपैकी काहीही चष्म्याने सुटत नाही.

आधी निदानही हवे. कोंबडीच्या पाठीवरची आणि डोक्यामागची पिसे गेली असतील, तर तो बहुधा कोंबड्याच्या चढण्याचा परिणाम असतो आणि तेथे पाठीवर बांधायचे कापडी खोगीर कामाला येते. मानेपुढची पिसे झिजली असतील, तर खाद्यभांड्याची कड तपासावी. कळपात उपटाउपटी नक्की असेल, तर जिची पिसे सर्वांत तुकतुकीत, तिच्यावर आधी संशय घ्यावा. सगळ्यांना सरसकट चष्मे लावू नयेत.

रक्त निघू लागले आहे, दोषी कोंबडी सापडली आहे आणि खाद्य-जागा सुधारायला थोडा अवधी हवा आहे, अशा वेळी हे उत्पादन घ्यावे. मोकळ्यावर चरणाऱ्या कोंबड्यांसाठी मी ते सुचवणार नाही, कारण समोरून येणारे कुत्रे त्यांना उशिरा दिसेल. चष्मे काढताना एका वेळी एकाच कोंबडीचा काढावा, आणि तिने पुन्हा उपटायला सुरुवात केली तर नवा चष्मा मागवण्याआधी खाद्याच्या पोत्यावरचा प्रथिनांचा आकडा वाचावा.