चिंचपोकळी ते डिलाइल रोड : गिरणगावची तीन तासांची पायी फेरी

माझे आजोबा कापड गिरणीत साचा खात्यात, म्हणजे मागावर, कामाला होते आणि डिलाइल रोडच्या बीडीडी चाळीत राहायचे. तेच गिरणगाव बघायला माणशी सहाशे रुपये कशाला भरायचे, असं आईने विचारलं होतं. तरी गेले. पैसे वसूल झाले.

रविवारी सकाळी सातला चिंचपोकळी स्टेशनबाहेर जमलो. फेरी दाखवणारा मुलगा लालबागचाच. ही रविवारची सुट्टी गिरणी कामगारांना १८९० मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांच्या लढ्यामुळे मिळाली, इथून त्याने सुरुवात केली. भारतमाता सिनेमाजवळ थांबून १९०८ चा संप सांगितला: टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली, तेव्हा वर्षाला एक असे सहा दिवस गिरण्या बंद राहिल्या. मात्र उड्डाणपुलाखाली गाड्यांच्या आवाजात मागच्यांना काही ऐकू येत नव्हतं. बावीस माणसं फार होतात, बारा पुरेत.

खरी फेरी बीडीडीत. जन्मभर ‘बीडीडी’ म्हणत आले, पण ते १९२० मध्ये गव्हर्नर लॉइडच्या काळात निघालेलं ‘बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट’, हे मला तिथे कळलं. वरळी, नायगाव, शिवडी धरून एकूण २०७ चाळी. मुलाने आवारात सुतळी टाकून १६० चौरस फुटांची खोली आखली आणि आम्हाला आत उभं केलं. आजोबांच्या खोलीत लांज्याकडचे चौदा जण होते. रात्रपाळीवाला आला की दिवसपाळीवाल्याच्या वळकटीवर आडवा व्हायचा. ही गोष्ट मी शंभरदा ऐकलेली, पण त्या सुतळीत उभी राहिल्यावर चौदा ट्रंका कुठे ठेवत असतील, हेच मला सुचेना. कुणाच्या दारात कॅमेरा धरायचा नाही, हे त्याने आधीच बजावलं होतं, ते फार आवडलं.

परळची हाफकिन संस्था वगळली, ते मात्र चुकलं. प्लेगच्या काळात, १८९९ मध्ये, प्लेगची लस काढणाऱ्या हाफकिनची प्रयोगशाळा जिथे आली तो गव्हर्नरचा जुना बंगला. सुतळीच्या खोलीनंतर तो बघायलाच हवा.

डिलाइल रोडच्या काही चाळी पुनर्विकासात पाडूनही झाल्या आहेत, तेव्हा जायचं तर लवकर जा. पाणी सोबत घ्या, वाटेत स्वच्छतागृहाची सोय नाही. पुढच्या महिन्यात मी बाबांना नेणार आहे. त्यांचे गुडघे दुखतात, म्हणून आम्ही दोघं करी रोडलाच सामील होऊ.