इनस्क्रिप्ट कीबोर्ड : श्रावण ते चैत्र, आठ महिने

सांगलीत वीस वर्षं डीटीपी केलं. लग्नपत्रिका, पतसंस्थांचे अहवाल, दिवाळी अंक. टायपिंगची मराठी 40 ची, म्हणजे मिनिटाला 40 शब्दांची, परीक्षा पास, त्यामुळे टाइपरायटरच्या मांडणीवर बोटं आपोआप पळायची. त्याच मांडणीत, त्याच जुन्या फॉन्टात मी स्वतःचा पहिला लेख लिहिला, सांगलीजवळच्या हरिपूरच्या पेवांवर, म्हणजे हळद साठवायच्या जमिनीखालच्या खड्ड्यांवर, आणि मँचेस्टरच्या भाच्याला पाठवला. लगेच फोन. "मावशी, व्हायरस शिरलाय का गं? नुसते कंस आणि डॉलर दिसतायत."

व्हायरस कसला! जुन्या फॉन्टात 'क' असा साठवलेलाच नसतो, इंग्रजी अक्षराच्या जागेवर 'क'चं चित्र बसवलेलं असतं. तो फॉन्ट ज्याच्याकडे नाही त्याच्यासाठी सगळा कचरा. युनिकोडात, म्हणजे जगभरच्या लिप्यांतल्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, देवनागरीला 1991 पासून स्वतःचे क्रमांक आहेत हे मी ऐकून होते. पण दुकानातलं सगळं शेवटी कागदावरच उतरायचं, मग कोण बघतंय?

म्हणून श्रावणात इनस्क्रिप्ट, म्हणजे युनिकोडात मराठी टाइप करायचा कीबोर्ड, शिकायला बसले. विंडोजमध्ये तो असतोच, सेटिंगमध्ये जाऊन मराठी जोडायचं, पैसे लागत नाहीत. मांडणी 1986 ची, सरकारने ठरवलेली. स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या. 'क' जिथे आहे तिथेच बंगालीचा आणि तमिळचाही 'क'.

पहिले पंधरा दिवस वेलांटीने रडवलं. टाइपरायटरवर 'मि' लिहिताना आधी वेलांटी, मग म, कारण कागदावर ती आधी दिसते. इथे आधी म, मग वेलांटी, म्हणजे जसं बोलतो तसं. रफाराचं त्याच्या उलट. 'पूर्वी'चा रफार आम्ही सगळ्यात शेवटी डोक्यावर ठेवायचो. इथे र टाइप करायचा, त्याचा पाय मोडायचा, मग व, मग वेलांटी. रफार आपला आपण वर जाऊन बसतो. वीस वर्षं डोळ्यांनी टाइप केलं होतं, आता कानाने करायचं. माझा वेग 40 वरून सहा शब्दांवर आला. नवरा म्हणाला, पेनाने लिही, लवकर होईल. दिवाळीपर्यंत पंचवीसवर आले, आता पस्तीस.

लेख नेटवर टाकायला लागले तशी कुठून किती जणांनी उघडला त्याची आकडेवारी दिसायला लागली. आयर्लंडमधून रोज पहाटे तीनला कुणीतरी येतंय! मी आठवडाभर हवेत. भाच्याने सांगितलं, मावशी, तो माणूस नाही, पानं चाळत फिरणारं यंत्र आहे. खरे वाचक मोजले तर पहिल्या महिन्यात अकरा, त्यातले नऊ नात्यातले. भाच्याच्या मुलीला मराठी वाचता येत नाही, तिने मशीनकडून भाषांतर करून घेतलं. त्यात हरिपुरात 'हळदीचा सुळसुळाट' झाला होता. 'पेव फुटणे' हा वाक्प्रचार मशीनला ठाऊक, ज्या खड्ड्यावरून तो आला तो खड्डा नाही.

तक्रारी आहेत. फोनवर या मांडणीच्या कळा इतक्या बारीक की माझा अंगठा दोन अक्षरांवर पडतो, तिथे मी बोलूनच लिहिते. 'दुसऱ्या' मधला ऱ्य इथे शिफ्ट धरून ऱ घेऊन होतो, पण फोनवरून आलेल्या मजकुरात कधी साधा र आणि मध्ये एक न दिसणारं चिन्ह असतं. डोळ्यांना दोन्ही सारखे, शोधायला गेलं की एक सापडतो, दुसरा नाही. एका रात्री अर्धा तास त्यात गेला. आमच्या ओळखीचा एक छापखाना युनिकोडची फाइल अजून घेत नाही, जोडाक्षरं फुटतात म्हणतो. आणि ल! 2009 च्या शासन निर्णयात पाकळीचा ल आणि देठाचा श सांगितलाय, पण परदेशातल्या बऱ्याच फोनवर हिंदी वळणाचा दंडाचा ल दिसतो. चूक कीबोर्डची नाही, फॉन्टची आहे. तरी मला खुपतं. पत्रिकेत तसा ल गेला असता तर आमच्या मालकांनी प्रूफ फेकून दिलं असतं.

डीटीपीवाल्यांनी महिनाभर कमाईची कामं जुन्याच मांडणीत ठेवावीत आणि हे रात्री शिकावं. नव्याने शिकणाऱ्याने टाइपरायटरच्या वाटेला जाऊच नये.

माघात मॉरिशसहून एक मेल आला. वयस्कर गृहस्थ. पूर्वज एकोणिसाव्या शतकात कोकणातून उसाच्या मळ्यांवर गेलेले, घरात क्रिओल, मराठी शाळेत शिकलेली. लेख मोठ्या अक्षरात छापून घेऊन बोट ठेवत वाचतात म्हणे. त्यांनी देवनागरीतच, जपून, एकच प्रश्न लिहिला होता : पेव उघडल्यावर आत कंदील का सोडतात?

मी लेखात ते अर्ध्या ओळीत उरकलं होतं. इथे सगळ्यांना माहीत असतं असं धरून चालले होते, आणि नीट सांगायला बसले तर मलाच धड येईना. 2005 च्या पुरात बरीच पेवं गेली, पेवात उतरलेली माणसंही आता थोडीच उरलीत. तीन दिवस विचारत विचारत एका म्हाताऱ्या हमालाला गाठलं. बंद पेवातली हवा मारते, म्हणाला, कंदील जळत राहिला तरच माणूस उतरायचा.

"आणि विझला तर?"

"मग काय, तंबाखू मळत बसायचं."

हे तसंच्या तसं टाइप करून पाठवलं.