गोच्या अभ्यासाचं साहित्य: काही महिन्यांच्या वापरानंतर

गो, म्हणजे काळ्या-पांढऱ्या खड्यांनी जागा घेरण्याचा पटावरचा खेळ, शिकणाऱ्याला साहित्य कमी पडत नाही. प्रश्नसंग्रह, पुस्तकं, मोबाइल ॲप, व्हिडिओ मालिका, जुन्या उस्तादांचे डाव, डाव तपासणारी एआय, सगळं हाताशी असतं. अडतं ते निवडताना. गेले कित्येक महिने मी यातलं बरंच काही आलटून पालटून वापरतेय. सुरुवात केली तेव्हा नियम, आतारी (पुढच्या खेळीत खडा पकडण्याची धमकी), शिडी (पळणाऱ्या खड्यांना सतत आतारी देत पकडणं) आणि को (एकच खडा आळीपाळीने पकडत राहण्याची स्थिती) एवढं येत होतं आणि ऑनलाइन सर्व्हरवर १५ क्यूच्या (क्यू म्हणजे खेळाडूची पातळी; आकडा जितका लहान तितका खेळाडू भक्कम) आसपास खेळत होते. आता ८ क्यूला बऱ्यापैकी स्थिर आहे. त्यामुळे हा अनुभव साधारण २० ते ५ क्यूच्या पट्ट्यातल्या खेळाडूंसाठी आहे. दान, म्हणजे क्यूच्याही वरच्या पातळीवरच्यांना यातलं बहुतेक ठाऊक असणार.

साहित्य तोलायला मी एकच प्रश्न विचारते: उत्तर समोर येण्याआधी हे मला किती वेळा स्वतः ठरवायला लावतं? गोमध्ये ज्याला वाचन म्हणतात, म्हणजे मी इथे, तो तिथे, मग मी पुन्हा इथे असं खडे न हलवता डोक्यात बघणं, ते दुसऱ्याचं बघून येत नाही. १५ क्यूचा डाव बहुतेक वेळा याच कारणाने हरला जातो. वीस-पंचवीस खड्यांचा गट चहूकडून वेढला जाऊन मरतो, आणि मग सुरुवातीच्या खेळ्या कितीही सुबक असल्या तरी काही उपयोग नसतो.

म्हणून सगळ्यात जास्त गुण त्सुमेगोच्या, म्हणजे गट जगवण्या-मारण्याच्या प्रश्नांच्या संग्रहांना. तेही सोप्या संग्रहांना. कानो योशिनोरी यांचं चार भागांचं ‘ग्रेडेड गो प्रॉब्लेम्स फॉर बिगिनर्स’ माझ्याकडे सर्वात जास्त उघडलं गेलं. पहिला भाग बऱ्याच जणांना फारच सोपा वाटेल, पण दुसरा आणि तिसरा या पट्ट्यातल्या कुणालाही चुकवू नये असं मी सांगेन. यात फक्त जगणं-मरणं नाही. तोडणं, जोडणं, खडे पकडण्याच्या युक्त्या, सुरुवातीच्या दिशा, शेवटचे हिशेब असं मिसळलेलं आहे. पुढच्या पानावर कशा प्रकारचा प्रश्न येणार हे माहीत नसतं, आणि डावातही नेमकं तेच होतं: ‘आता इथे मारता येईल’ असं कुणी सांगायला येत नाही. त्यानंतर चो चिकुन यांच्या त्सुमेगो कोशाचा प्राथमिक भाग, ९०० प्रश्नांचा. तो मी अजून करतेय. ओळीने एकाच आकाराचे चार-पाच प्रश्न येतात, एखादा खडा इकडचा तिकडे केलेला असतो आणि तेवढ्यावर उत्तर बदलतं. असं रगडून घेणारं दुसरं काही मला सापडलं नाही.

सोप्या प्रश्नांनी काय होतं, याचं एक उदाहरण देते. ‘दुसऱ्या ओळीवर सहा मरतात, आठ जगतात’ ही जुनी म्हण गो खेळणाऱ्या प्रत्येकाने ऐकलेली असते. दुसऱ्या ओळीवर तुमचे खडे सलग उभे आहेत, दोन्ही टोकं आणि वरची बाजू प्रतिस्पर्ध्याने बंद केली आहे. जगायचं ते खालच्या पहिल्या ओळीवर. प्रतिस्पर्ध्याने टोकाकडून पहिल्या ओळीवर एक खडा आत सरकवला की तो अडवायला तुमचाही एक खडा आत जातो. म्हणजे प्रत्येक टोकाला दोन जागा जातात. आठ खड्यांखाली मग सलग चार जागा उरतात, आणि सलग चार म्हणजे दोन डोळे पक्के (डोळा म्हणजे गटाच्या आत राखलेली रिकामी जागा; असे दोन वेगळे डोळे असले की गट पकडता येत नाही). सातखाली तीन उरतात. सलग तिनात मधली जागा ज्याने आधी घेतली त्याचं काम झालं, आणि पाळी प्रतिस्पर्ध्याची असते. सात खडे असताना पाळी तुमची असेल तर तुम्ही एक टोक आधीच बंद करता, तिथे एकच जागा जाते, चार उरतात, गट जगतो. सहाला मात्र तुम्ही आधी खेळूनही तीनच उरतात आणि पुढची पाळी त्याची. म्हणून सहा मरतात.

ही म्हण मला पाठ होती. पण हा हिशेब प्रश्न सोडवताना हाताखालून गेल्यावर डावातल्या निर्णयांत फरक पडला. सात खड्यांचा गट दिसला की आता लगेच कळतं: इथे एक खेळी देणं लागतं. आठ असतील तर ती खेळी वाया जाते, आणि पटावर दुसरीकडे मोठी जागा घेता येते. कोपऱ्यात आकडे बदलतात, तिथे चार मरतात आणि सहा जगतात, कारण कोपरा स्वतःच मदत करतो. ज्या संग्रहात असे आकार पुन्हा पुन्हा समोर येतात तो घ्या.

प्रश्न किती अवघड असावा यावरून मतभेद आहेत. मला फळलं ते असं: प्रश्न बघितल्यावर अर्ध्या-एक मिनिटात सुटला पाहिजे, आणि दहातले सातआठ तरी बरोबर यायला हवेत. ते येत नसतील तर एक पायरी खाली उतरावं. हायाशी गेन्बी यांनी १८१२ मध्ये प्रसिद्ध केलेला ‘गोक्यो शुम्यो’ हा संग्रह अप्रतिम आहे. त्यातला एखादा प्रश्न सुटला की दिवस चांगला जातो. पण ८ क्यूला तो रोजच्या अभ्यासाचा भाग होऊ शकत नाही. एका प्रश्नावर अर्धा तास जातो आणि शेवटी उत्तर बघावं लागतं. अशा प्रश्नांची गोडी वेगळी, ती रविवारसाठी ठेवावी. आणखी एक सोय म्हणजे त्सुमेगोला भाषा लागत नाही. जपानी, चिनी किंवा कोरियन संग्रह घेतला तरी ‘काळ्याची खेळी’, ‘जगवा’, ‘मारा’, ‘को’ एवढी तीनचार चिन्हं ओळखता आली की काम भागतं.

कागद की ॲप? दोन्ही वापरून बघितलं. ॲपची सोय निर्विवाद आहे: फोन खिशात असतो, प्रतिस्पर्ध्याचं उत्तर लगेच पटावर येतं, सुटलेले-राहिलेले प्रश्न नोंदलेले राहतात. पण मी वापरलेल्या एका ॲपमध्ये चुकीच्या जागी टेकवलं की लगेच लाल खूण येते आणि पुन्हा प्रयत्न करता येतो. मग बोट डोक्याच्या पुढे धावायला लागतं. पहिली खेळी बरोबर निघाली की प्रश्न सुटल्यासारखा वाटतो, आणि त्यापुढचे फाटे बघितलेलेच नसतात. कागदावर असं होत नाही. तिथे शेवटपर्यंत वाचूनच पान उलटावं लागतं. उत्तरं नसलेले संग्रहही मिळतात आणि ते या बाबतीत आणखी कडक, कारण आपलं उत्तर बरोबर आहे याची खात्री आपणच करायची असते. ॲप वापरायचंच असेल तर प्रतिस्पर्ध्याचं सर्वात चिवट उत्तर सापडेपर्यंत पडद्याला हात लावू नये.

जोसेकीचे कोश, म्हणजे कोपऱ्यातल्या ठरलेल्या क्रमांची जाडजूड पुस्तकं, यांना माझे सर्वात कमी गुण. पुस्तकं वाईट आहेत असं नाही, ती या पातळीसाठी नाहीत. क्रम पाठ केला तरी समोरचा तिसऱ्याच खेळीला तो सोडून देतो, आणि त्या वाकड्या खेळीला शिक्षा कशी करायची हे कोशात नसतं. ते वाचनातून येतं. होशीच्या, म्हणजे कोपऱ्यात दोन्ही कडांपासून चौथ्या ओळीवरच्या बिंदूवरच्या, खड्याभोवतीचे तीनचार साधे क्रम, प्रत्येक खेळीमागचं कारण समजून घेतलेले, मला आजवर पुरले आहेत.

सुरुवातीच्या खेळाच्या पुस्तकांबद्दल सावध राहायला हवं, आणि याचं कारण तारखेत आहे. मार्च २०१६ मध्ये सोलला अल्फागो या एआयने अव्वल व्यावसायिक ली सेडोलला ४-१ हरवलं. त्याच वर्षाच्या अखेरीपासून अल्फागोच्या नव्या आवृत्तीने ऑनलाइन सर्व्हरवर अव्वल व्यावसायिकांशी ६० झटपट डाव खेळून सगळे जिंकले. त्यानंतर व्यावसायिकांची सुरुवात झपाट्याने बदलली. होशीच्या खाली अगदी आरंभीच ३-३ वर (दोन्ही कडांपासून तिसऱ्या ओळीच्या बिंदूवर) शिरणं हे त्याआधीच्या पुस्तकांत समोरच्याला बाहेरची ताकद फुकट देणं मानलं जायचं. आज ती नेहमीची खेळी आहे. म्हणून जुन्या पुस्तकातला नेमका क्रम प्रमाण धरू नये. पण त्याच पुस्तकांतलं ‘ताकदीजवळ खेळू नका’, ‘आधी कोपरे, मग कडा, मग मध्य’, ‘प्रतिस्पर्ध्याच्या अशक्त गटाला त्याच्या भिंतीकडे पळू देऊ नका’ हे सगळं तितकंच खरं राहिलं आहे, आणि आमच्या पट्ट्यात गरज त्याचीच असते. त्सुमेगोला तर वर्षांनी काहीच फरक पडत नाही. १८१२ मध्ये जो गट मेलेला होता तो आजही मेलेलाच आहे.

व्हिडिओंबद्दल थोडक्यात. उत्साह टिकवायला छान. वक्ता खेळी दाखवण्याआधी थांबून विचारत असेल, आणि आपणही खरंच व्हिडिओ थांबवून उत्तर ठरवत असू, तर शिकायलाही छान. नुसतं बघत राहिलं तर सगळं समजल्यासारखं वाटतं आणि पटावर काही येत नाही.

आता एआय. इथे मला सविस्तर सांगायचं आहे, कारण चुकीच्या रीतीने वापरलं जाणारं साहित्य सर्वात जास्त हेच. २०१७ मधला लीला झिरो हा एआय जिंकण्याची शक्यता टक्क्यांत सांगायचा. डेव्हिड वू यांनी २०१९ मध्ये आणलेला काटागो त्याबरोबर किती गुणांची आघाडी आहे तेही सांगतो, आणि आपल्यासारख्यांना हा फरक फार मोलाचा आहे. टक्केवारी नव्वदवरून चाळीसवर घसरली एवढ्यावरून आपल्याला काही कळत नाही. या खेळीने अठरा गुण गेले म्हटलं की कळतं. दोन्ही फुकट आणि मुक्त स्रोत. काटागो चालवायला मी केट्रेन हा प्रोग्राम वापरते, त्यात प्रत्येक खेळीवर किती गुण गेले ते रंगीत ठिपक्याने दिसतं.

पण तो कारण सांगत नाही. अठरा गुण गेले हे सांगतो, का गेले हे आपणच शोधायचं. म्हणून माझी पद्धत अशी बसली आहे: डाव संपल्यावर एसजीएफ फाइल (डावाच्या सगळ्या खेळ्यांची नोंद) उतरवून घ्यायची, आधी एआय न लावता एकदा पूर्ण चालून बघायचं, आणि जिथे खेळताना शंका आली होती तिथे फाइलमध्येच एक ओळ लिहायची. ‘इथे तोडेल असं वाटलं म्हणून जोडलं’, एवढीच. मग काटागो लावायचा आणि सर्वात मोठ्या तीन घसरणी घ्यायच्या, फक्त तीन. सुरुवातीला दीड-दोन गुण गेलेल्या खेळ्या सोडून द्यायच्या. ८ क्यूच्या डावात एका खेळीला पंधरावीस गुण इकडेतिकडे होत असतात, तिथे दोन गुणांचा पाठलाग करून काही मिळत नाही. घसरण जिथे आहे तिथे यंत्राने सुचवलेली खेळी बघण्याआधी स्वतः दुसरी शोधायची. आणि सुचवलेली खेळी कळली नाही तर पटावर तिला आपलं नेहमीचं उत्तर देऊन बघायचं, यंत्र पुढे काय करतं ते पाहायचं. बऱ्याचदा दोनतीन खेळ्यांत कारण उघडं पडतं: एक तोड राहिलेली असते, किंवा गटाला एकच डोळा असतो.

माझ्या लिहिलेल्या ओळी आणि घसरणी शेजारी ठेवल्यावर जे दिसलं ते कुठल्याच पुस्तकाने दाखवलं नसतं. मोठ्या घसरणी बहुतेक अशा जागी होत्या जिथे मी एकही ओळ लिहिली नव्हती, म्हणजे खेळताना तिथे शंकाच आली नव्हती. तेव्हापासून प्रतिस्पर्ध्याच्या प्रत्येक खेळीनंतर ‘त्याने इथे आणखी एक खेळली तर माझा कुठला गट मरतो?’ असं विचारते.

यंत्राला जे जमत नाही ते वरच्या पातळीच्या खेळाडूला जमतं. पाचसहा क्यूने वरचढ माणसाबरोबर हँडिकॅपचे खडे (कच्च्या खेळाडूला सुरुवातीलाच मिळणारे जादा खडे) घेऊन खेळावं आणि नंतर दोघांनी मिळून डाव बघावा. तो विचारतो, ‘इथे काय विचार केलास?’ आणि मग खेळीऐवजी विचार दुरुस्त करतो. महिन्यातून असा एखादा डाव मिळाला तरी मी दोन पुस्तकं बाजूला ठेवीन.

व्यावसायिकांचे डाव चालवून बघणं मी ठेवलं आहे, पण अभ्यास म्हणून कमी आणि प्रेमाने जास्त. होनिन्बो शुसाकू (१८२९-१८६२) यांचे डाव यासाठी उत्तम, कारण खेळ्या साध्या आणि स्वच्छ दिसतात आणि हेतू बऱ्यापैकी कळतो. आजच्या अव्वल खेळाडूंचे डाव तीस खेळ्यांनंतर माझ्या आकलनाबाहेर जातात. शुसाकूंचा डाव चालवताना पुढची खेळी झाकून ठेवायची आणि निदान पटाचा कुठला भाग ते ओळखायचं, एवढं केलं तरी डोळा तयार होतो.

सुरुवात करणाऱ्याने मात्र हे सगळं एकदम घेऊ नये. २० क्यूपेक्षा कच्चे असाल तर ९×९ च्या पटावर भरपूर डाव आणि सोप्या प्रश्नांचं एक पुस्तक, बास. एआयची तपासणी १५ क्यूनंतर. रोजच्या वेळेचं माझं गणित साधारण निम्मा वेळ खेळायला, उरलेल्यातला मोठा भाग त्सुमेगोला आणि बाकीचा स्वतःच्या डावांना असं आहे.

आता योसेचं, म्हणजे डावाच्या शेवटच्या टप्प्याचं, साहित्य शोधतेय, कारण गट मरणं कमी झाल्यापासून डाव पाचसात गुणांनी हरले-जिंकले जायला लागलेत. त्यात सेन्तेतल्या (प्रतिस्पर्ध्याला उत्तर द्यायला लावणाऱ्या) खेळीची किंमत गोतेतल्या (जिच्यानंतर पुढची पाळी प्रतिस्पर्ध्याच्या हाती जाते अशा) खेळीच्या दुप्पट धरायची हा जुना ठोकताळा कळला आहे, पण कुठली खेळी खरोखर सेन्ते आहे हे ओळखायलाही वाचनच लागतं. नुसते तक्ते असलेलं पुस्तक नको. प्रश्न आधी आणि मोजणी मागच्या पानावर, असं कुणी वापरलं असेल तर जरूर कळवा.