ताई, उघडत नाहीये! लहान मुलांसाठी कोणता डबा घ्यावा?

मधल्या सुट्टीची घंटा झाली की पहिली पाच मिनिटं माझ्यासमोर रांग असते. माझ्या बालवाडीच्या वर्गात 28 मुलं, वयं साडेतीन ते पाच, सुट्टी 20 मिनिटांची. दहा-बारा डबे मी उघडते, काही मावशी उघडतात. दोघं-तिघं मात्र रांगेत येतच नाहीत. झाकणाशी थोडं झटतात आणि डबा गुपचूप पिशवीत सरकवतात. घरी विचारलं की उत्तर ठरलेलं, "भूक नव्हती." आईला वाटतं, भाजी आवडली नसेल. दुसऱ्या दिवशी भाजी बदलते, झाकण तेच राहतं.

जूनमधल्या पालकसभेत "ताई, कुठला डबा घेऊ?" हा प्रश्न दर वर्षी येतो आणि तिथे सविस्तर बोलायला वेळ नसतो. म्हणून हे लिहितेय. टिकाऊपणा, रंग, झाकणावरचं कार्टून या गोष्टी इथे दुय्यम. मुलाला डबा स्वतः उघडता आणि लावता येतो का, एवढ्यावरूनच मी डबे तोलणार आहे.

"घरी तर उघडतो की!"

हे मी किती वेळा ऐकलंय! घरी उघडतो तो रिकामा डबा. शाळेत येतो तो सकाळी गरमागरम उपमा भरून लगेच बंद केलेला. आत वाफ कोंडलेली असते. दोन-तीन तासांत ती गार होते, तिचं पाणी होतं, आतला दाब उतरतो आणि बाहेरची हवा झाकण दाबून धरते. झाकण जितकं हवाबंद, तितकं ते जास्त चिकटतं. मलाही कधीकधी कडेला चमच्याचं टोक घालून हवा सोडावी लागते. त्यात मुलांचे हात नुकतेच धुतलेले, ओले. बसायला सतरंजी, टेबल नाही. डबा मांडीत धरून उघडायचा.

आणि उघडणं हे निम्मंच काम. डबा परत लावताही यायला हवा, नाहीतर उरलेल्या बटाट्याच्या भाजीचं तेल चित्रांच्या वहीला लागतं. उघडायला सोपा पण लावायला अवघड असे डबे बाजारात भरपूर आहेत.

स्टीलचे दोन: दाबून लावायचा आणि खटक्यांचा

आजीच्या काळापासूनचा गोल डबा, झाकण वरून दाबून बसवायचा. हलका, स्वस्त, घासायला सोपा, रबर नाही. कागदावर सगळं छान. पण हे झाकण उघडतं ते नखांच्या जोरावर, आणि मुलांची नखं आपणच दर रविवारी कापतो. डबा एकदा पडून काठाला पोचा आला की झाकण एका बाजूला अडकतं. मग मूल सगळा जीव लावून ओढतं, झाकण एकदम सुटतं आणि पोहे सतरंजीभर. माझ्या वर्गात सांडलवंड सर्वांत जास्त याच डब्याची होते. गंमत म्हणजे घरातला जुना, झाकण सैल झालेला डबा याला अपवाद आहे. तो मुलं आरामात उघडतात. असा एखादा घरात असेल आणि डब्यात पोळीभाजीच जात असेल, तर नवीन घेऊच नका.

दुसरा, दोन बाजूंना खटके असलेला. याच्या बाजूनं माझं मत आहे, पण सरसकट नाही. खटका मुलाला दिसतो, कुठे बोट लावायचं ते कळतं, आणि तो वर उचलायला बोटांची ताकद कमी लागते. मात्र खटक्यांतही दोन जाती आहेत. बारीक तारेचा खटका नवीन असताना कडक असतो, बोट चिमटतो, आणि एकदा चिमटा बसला की मूल त्या डब्याला आठवडाभर हात लावत नाही. रुंद, चपट्या पत्र्याचा, खाली बोट शिरेल एवढी जागा असलेला खटका घ्या. नवा डबा शाळेत पाठवण्याआधी घरी पंधरा-वीस दिवस त्यात खारी, चिवडा ठेवा आणि मुलालाच काढू-घालू द्या. खटके रुळतात, हातही रुळतो.

याची उणीव एकच, पातळ काही चालत नाही. आमटी-भात दिलात तर आमटी पिशवीत उतरणार.

चार खटके आणि रबराची कड

ही कड चारी बाजूंनी बंद होते, थेंब सांडत नाही. म्हणूनच आयांना हा डबा आवडतो. प्लास्टिक, काच, आता स्टीलमध्येही मिळतो. आणि माझ्या रांगेत सर्वाधिक डबे याच प्रकारचे असतात.

चार खटके काढणं तसं जमतं, चार वर्षांची मुलं हौसेनं काढतात. अडतं त्यानंतर. खटके सुटले तरी झाकण हलत नाही, कारण आत ती गार झालेली वाफ. मूल झाकण मधोमध धरून वर ओढतं, आणि मधोमध ओढून ते कधीच निघत नाही. कोपरा उचलावा लागतो. लावतानाही तीच गत. तीन खटके बसतात, चौथ्यासाठी झाकण दाबून धरावं लागतं, आणि तेवढा जोर नसतो.

हा डबा घरात आधीच असेल तर टाकून देऊ नका, तीन गोष्टी करून बघा.

पहिली, भाजी-पोळी भरल्यावर झाकण दहा मिनिटं उघडं ठेवा. वाफ निघून गेली की निम्मं भांडण मिटतं. सकाळच्या घाईत दहा मिनिटं कुठून आणायची, हे मलाही कळतं. डबा आधी भरा, वेणी-फणी नंतर करा.

दुसरी, कोरडा खाऊ असेल त्या दिवशी झाकणातलं रबर काढूनच ठेवा. ही युक्ती मला एका आजोबांनी शिकवली. डबा हवाबंद राहत नाही, पण पराठ्याला हवाबंद कशाला हवं? काही डब्यांचे खटके मात्र रबराशिवाय ढिले पडतात, तेव्हा आधी घरी बघा. तसंही ते रबर अधूनमधून काढून धुवायचंच असतं. खाचेत काळी बुरशी धरते.

तिसरी, जो कोपरा उचलायचा त्यावर नेलपॉलिशचा लाल ठिपका. "लाल टिकलीला धर आणि वर कर." एवढं वाक्य पुरतं.

झाकणावर हवा सोडायचं छोटं बूच असलेले डबेही मिळतात. बूच उचललं की झाकण सुटतं. पण ते बूच लहान बोटांना पकडता आलं पाहिजे.

पेटीसारखा, कप्प्यांचा

पुढे एकच खटका, मागे बिजागरी, आत तीन-चार कप्पे. उघडण्याच्या कसोटीवर हा पहिला. झाकण डब्यालाच जोडलेलं, त्यामुळे हरवत नाही, उलटं बसत नाही. एक खटका दाबला की सगळा खाऊ समोर. लावणंही तितकंच सोपं. साडेतीन वर्षांचं मूल पहिल्याच आठवड्यात शिकतं.

मग सगळ्यांनी हाच का घेऊ नये? साध्या डब्याच्या कितीतरी पट किंमत. खटका प्लास्टिकचा, वर्षाच्या आत तुटतो आणि सुटा मिळेलच असं नाही. कप्प्यांचे कोपरे घासताना नाकी नऊ येतात. शिवाय आपल्या पोळीचा आकार त्या कप्प्यांना मान्य नसतो, तुकडे किंवा छोटे रोल करूनच द्यावे लागतात. लहान मुलांना ते बरंच पडतं म्हणा, पण सकाळी सहाला आणखी एक काम.

वजनही बघा. केंद्राच्या 2020 च्या दप्तर धोरणानुसार पहिलीपासून दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या 10 टक्क्यांपर्यंतच असावं. म्हणजे 20 किलोच्या मुलाला 2 किलो. अर्ध्या लिटरच्या बाटलीतलं पाणीच अर्धा किलो. त्यावर दुहेरी भिंतीचा जड डबा आला तर पुस्तकांना काय उरलं? दुकानात डबा हातात घेऊन बघा, फोटोवरून वजन कळत नाही.

आट्यांचं झाकण: नकोच

गरम राहणारे थर्मासछाप डबे. एका हातानं धरा, दुसऱ्यानं पिळा, तेही योग्य दिशेला, आणि झाकण मुलाच्या पंज्यापेक्षा मोठं. वर वाफेची पकड आहेच. पहिली-दुसरीनंतर बघा. बालवाडीत हा डबा म्हणजे माझ्या रांगेत आणखी एक डबा.

आतल्या आत

डबा उघडला, पण आत पुन्हा चटणीची डबी, तिला वेगळं झाकण. सॉसची पुडी दातांनी फाडायची. केळं न सोललेलं. प्रत्येक झाकण म्हणजे पुन्हा माझ्याकडे एक फेरी. चटणी पोळीला लावूनच द्या. केळ्याच्या देठाला सुरीनं एक चीर देऊन ठेवा, पुढचं मूल सोलतं. संत्र्याच्या फोडी बिया काढून, अंडं सोलून. द्राक्षं उभी चिरून द्या, अख्खं द्राक्ष लहान मुलाच्या घशात अडकू शकतं. अख्खे शेंगदाणेही नकोत.

पोळीचा रोल सुती रुमालात बांधला तर त्याइतकं सोपं काहीच नाही, गाठ सैल हवी एवढंच. फॉइल उघडतं पटकन, पण त्याचे कपटे तोंडात जातात, आणि लिंबू-टोमॅटोच्या आंबट पदार्थांना ते बरं नाही. वर्तमानपत्रात गुंडाळलेलं अजूनही कधीतरी येतं. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या 2018 च्या नियमांत त्याला मनाई आहे, शाई अन्नाला लागते.

डब्याच्या पिशवीची चेन विसरू नका. ओढायची चिमटी इवलीशी असते. तिला जुन्या रिबिनीचा फास बांधा.

मग घेऊ कुठला?

छोट्या शिशूतलं मूल, पहिल्यांदाच डबा, आणि खिशाला परवडत असेल तर कप्प्यांचा एका खटक्याचा. मोठ्या शिशूत आणि पुढे, रोज पोळीभाजी जाते अशा घरासाठी रुंद खटक्यांचा स्टीलचा. मी माझ्या भाचीला हाच घेतला. रोज वरण-भातच खाणारं मूल असेल तर चार खटक्यांचा घ्या, पण भात घट्ट कालवून, निववून भरा आणि लाल टिकली लावा.

दुकानात मुलाला बरोबर न्या. दुकानदार आधी थोडा वैतागेल, पण पाच डबे जमिनीवर मांडून पोराला उघडू-लावू द्या. त्याला जो दोनदा जमला तो घरी आणा. रविवारी त्यात खरोखर गरम उपमा भरा, झाकण लावा, तीन तास विसरून जा. मग मुलाला हात धुवायला सांगा, सतरंजीवर बसवा, आणि तुम्ही स्वयंपाकघरात जाऊन उभ्या राहा. हाक आली तरी पाच मिनिटं जायचं नाही.