देवबागच्या वाऱ्यात लाल स्विफ्ट: घरी पॉलिश केल्यानंतरचे नऊ महिने

आमच्याकडे, मालवणजवळच्या देवबागला, सेकंडहँड गाडी घेताना किलोमीटर नंतर विचारतात. पहिला प्रश्न असतो, "घाटावरची काय हयली?" म्हणजे घाटावरची की इथली, किनाऱ्यावरची? किनाऱ्यावर वाढलेली गाडी वरून कितीही चकाकली तरी दाराची खालची कड आणि चाकांच्या कमानी आतून कुजलेल्या निघतात. म्हणून गेल्या दिवाळीत घेतलेली 2012 ची लाल स्विफ्ट मी मुद्दाम एमएच 09 पासिंगची, कोल्हापूरची बघितली. पत्रा ठणठणीत, इंजिन बरं. रंगाची मात्र दशा होती. गाडी कायम उघड्यावर उभी असायची, त्यामुळे बॉनेट आणि छप्पर विटून गुलाबट झालेलं, दारं अजून लालच. दुरून बघितलं तर दोन गाड्या जोडून एक केल्यासारखी.

कुडाळात विचारलं तर पूर्ण रंगाचे पंचेचाळीस हजार सांगितले, नुसत्या रबिंग-पॉलिशचे सहा. मी घरी केलं आणि मशीन धरून माझे नऊ हजार गेले. म्हणजे पैसे वाचतात म्हणून घरी करा, असं मी सांगणार नाही. मशीन दोन-तीन गाड्यांना वापरलंत तरच हिशेब जमतो.

आधी एक तपासणी करा, पाच मिनिटांचं काम आहे. पांढऱ्या फडक्यावर थोडं पॉलिश घ्या आणि कुठेतरी कोपऱ्यात घासा. फडक्याला गाडीचा रंग लागला तर वर क्लिअर कोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, नाही, रंगच उघडा आहे. माझा फडका मळला, पण लाल झाला नाही, म्हणजे क्लिअर कोट होता. हे कळणं महत्त्वाचं, कारण सगळा खेळ त्या एका पारदर्शक थरात आहे. प्रायमर, रंग आणि क्लिअर कोट मिळून कंपनीचा रंग साधारण 100 ते 120 मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असतो, त्यात क्लिअर कोट 40-50 चा. डोक्याचा केससुद्धा सहसा या क्लिअर कोटहून जाड असतो. कंपाऊंड, म्हणजे जाड कणांचं पॉलिश, मारतो तेव्हा आपण गाडीला काही लावत नसतो, त्यातलंच खरवडून काढत असतो. रेघ बुजत नाही. रेघेच्या आजूबाजूचा थर तिच्या तळापर्यंत उतरतो, म्हणून ती दिसेनाशी होते.

शेजारचे आबा माडाखाली बसून दोन दिवस माझा उद्योग बघत होते. तिसऱ्या दिवशी त्यांना राहवलं नाही. "काय रे, घासून घासून पत्रो दिसाक लागतलो!" मी हसलो. चौथ्या दिवशी पत्रा नाही, पण प्रायमर दिसला. ते पुढे सांगतो.

धुणं आणि क्ले बार (रंगाला चिकटलेली घाण उचलणारी मऊ वडी) यात माझा अख्खा एक दिवस गेला आणि तो सगळ्यात सार्थकी लागलेला दिवस होता. धुतलेल्या बॉनेटवर प्लास्टिकची पिशवी हातात घालून बोटं फिरवली तर पॉलिश पेपरवर फिरवल्यासारखी खरखर लागत होती. क्ले बार शांपूच्या पाण्यावर घसरवायला लागलो तेव्हा आधी कर्र-कर्र आवाज, मग तीन-चार फेऱ्यांनी आवाज बंद आणि वडी लोण्यासारखी सरकायला लागली. पिवळी वडी उलटून पाहिली तर तांबूस-काळी. ब्रेकची धूळ, डांबराचे कण आणि महामार्गाची लाल माती, सगळं त्यात. एक सूचना देवबागकरांसाठी खास: आपलं अंगण वाळूचं आहे. वडी एकदा खाली पडली की ती पुसून वापरायची नाही, सरळ टाकायची. माझी अर्धी अशीच गेली. वडीचे आधीच तुकडे करून ठेवायला हवे होते.

मशीनसाठी वेळ कुठली निवडायची हे कुठल्याच व्हिडिओत सांगत नाहीत, कारण ते व्हिडिओ करणारे बंद गॅरेजात असतात. आमच्या एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्लीची खाडी, मध्ये चिंचोळी पट्टी. डिसेंबरात सकाळी मतलई वारा असतो तोवर हवा स्वच्छ. अकरा-साडेअकराला खारा वारा फिरतो आणि त्याच्याबरोबर न दिसणारी बारीक वाळू येते. ती फोमच्या पॅडवर बसली की पॉलिशर रेघा घालवत नाही, नव्या मारतो. पहिल्या दिवशी दुपारी केलेला उजवा दरवाजा मला दुसऱ्या दिवशी परत करावा लागला. त्यानंतर सात ते अकरा एवढंच काम. दोन फूट बाय दोन फूट भाग घ्यायचा, आधी उभ्या मग आडव्या फेऱ्या, पुसायचं आणि मोबाइलचा टॉर्च तिरका धरून बघायचं. दिव्याभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखी वर्तुळं दिसतात ती विरली की पुढे. मी सुरुवात कंपाऊंडने केली नाही, बारीक पॉलिशने केली. बाजूंना तेवढंच पुरलं. कंपाऊंड फक्त बॉनेट, छप्पर आणि डिकीला लागलं.

आता प्रायमरची गोष्ट. माझा ड्युअल अ‍ॅक्शन पॉलिशर हळू काम करतो. तो गोल फिरता फिरता हेलकावतो, त्यामुळे एका जागी उष्णता साठत नाही. बॉनेट लवकर उरकावं म्हणून एका फर्निचरवाल्या मित्राचं रोटरी, म्हणजे न हेलकावता नुसतं गोल फिरणारं, मशीन आणलं. बॉनेटच्या मधून जी उंचवट्याची धार जाते तिच्यावर ते वीस सेकंद थांबलं असेल. करपल्याचा वास आला. पुसून बघितलं तर हरभऱ्याच्या डाळीएवढा राखाडी ठिपका. धारेवर रंग मुळात पातळ बसलेला असतो, आणि तिथे पॅडचा सगळा दाब एका रेषेत येतो. धारांवर मास्किंग टेप लावायची असते, हे मला माहीत होतं. टेप खिशात होती. आज तिथे टचअपच्या रंगाचा थेंब आहे, आबा येता-जाता त्याकडे बघतात आणि काही बोलत नाहीत.

एवढं करून डिसेंबरअखेर गाडी कशी दिसली? खरं सांगतो, सुरेख. बॉनेट पुन्हा लाल. त्यात नारळाच्या झावळ्या स्पष्ट दिसायच्या. छपरावर मात्र तळहाताएवढा एक चट्टा तसाच राहिला. तिथे क्लिअर कोट सुटून कोंड्यासारखा उडत होता. अशा जागेवर जगातलं कुठलंही पॉलिश चालत नाही, कारण घासायला थरच उरलेला नसतो. त्याच्या कडा मी घासून सारख्या केल्या, तर चट्टा आणखी मोठा दिसायला लागला.

शेवटी वर संरक्षणाला कार्नोबा वॅक्स (झाडापासूनचं मेण) मारलं. डब्यावर तीन महिने लिहिलेलं. आमच्या दारात पाण्याचे गोल मणी पाच आठवडे दिसले, मग पाणी पसरायला लागलं. मेच्या शेवटी वॅक्सऐवजी पेंट सीलंट, म्हणजे कृत्रिम संरक्षक लेप, मारून बघितलं. ते पहिल्या पावसापासून श्रावणापर्यंत बऱ्यापैकी टिकलं, गणपतीत छपरावरून गेलेलं, दारांवर थोडं शिल्लक. त्यामुळे पावसाळ्याआधी सीलंट, हिवाळ्यात हौस असेल तर वॅक्स. सिरॅमिक कोटिंग मी केलेलं नाही, त्यावर बोलणार नाही.

पण या नऊ महिन्यांत माझं मत बदललं ते पॉलिशबद्दल नाही, पिवळ्या फडक्याबद्दल. तुमच्याही गाडीच्या दारात तो असेल. हिवाळ्यात सकाळी गाडी दंवाने भिजलेली असते, आणि आपल्याकडे काय करतात? फडका काढायचा, एका दमात पूर्ण गाडी पुसायची, पिळायचा आणि परत दाराच्या कप्प्यात. ते दंव नुसतं पाणी नसतं. रात्रभर बसलेलं मीठ, वाळू आणि लाल धूळ त्यात भिजलेली असते. म्हणजे आपण रोज सकाळी, प्रेमाने, ओल्या पॉलिश पेपरने गाडी घासतो. मी डिसेंबरात तीन सकाळी खपून काढलेली जाळी माझ्या धाकट्या भावाने जानेवारीच्या पंधरा दिवसांत परत आणली. त्याचा दोष नाही, त्याला वाटलं दादाने एवढी चमकवली आहे तर आपण पुसून ठेवू. फेब्रुवारीत डाव्या दारावर टॉर्च मारला तेव्हा उलगडा झाला.

तेव्हापासून नियम असा की कोरड्या किंवा दंवाने ओल्या गाडीला फडका लावायचा नाही. विहिरीच्या पंपाचा पाइप घ्यायचा, वरून खाली नुसतं पाणी सोडायचं, चाकांच्या कमानीत आणि खालून जास्त, मग वाटलंच तर जाड मायक्रोफायबर टेकवून पाणी टिपायचं. ओढायचं नाही. आठवड्यातून दोनदा, दहा मिनिटं. काचेपुरता फडका ठेवलाय.

मोहोराच्या दिवसांत आंब्याखाली गाडी लावू नका, हे बागायतदाराला सांगायला नको, पण मुंबईहून येणाऱ्यांना सांगावं लागतं. तुडतुड्यांचा चिकटा थेंबाथेंबाने खाली पडतो, काचेवर वार्निश मारल्यासारखा बसतो, वर धूळ चिकटते. कोमट शांपूच्या पाण्याने भिजवून ठेवला की निघतो. कैरीचा चीक मात्र वेगळी जात आहे. एप्रिलमध्ये डिकीवर एक ओघळ दोन दिवस राहिला, त्याचा फिकट माग आजही आहे. माडाखाली का लावू नये ते मी लिहीत नाही, मान वर करून बघा.

कव्हरचाही प्रयोग झाला. जूनमध्ये चांगलं म्हणून घेतलेलं जाड कव्हर आठ दिवसांत काढलं. आत वाफ, खिडकीच्या रबरात हिरवं शेवाळ, आणि वाऱ्याने कव्हर फडफडून आरशांच्या कोपऱ्यांवर नवीन पांढुरके चट्टे. पत्र्याची साधी, चारी बाजूंनी उघडी शेड घातली ती बरी. तिचा खर्च पॉलिशच्या दुप्पट झाला, पण छप्पर पुन्हा विटलेलं नाही ते तिच्यामुळेच.

रंगाशी थेट संबंध नसलेली एक गोष्ट सांगतो, कारण शेवटी रंग तिथूनच उचकटतो. दारांच्या खालच्या कडेला पाणी जायला बारीक भोकं असतात. कोल्हापूरच्या मातीने माझी चारपैकी तीन बुजलेली होती. पहिल्या पावसात ब्रेक मारला की दारात पाणी खळखळायचं. तारेने टोचलं तर आतला रंग खरवडतो, म्हणून केरसुणीतला माडाचा हीर घेतला. एका दारातून तांब्याभर लाल पाणी निघालं. ते पाणी तसंच राहिलं असतं तर घाटावरची गाडी दोन पावसाळ्यांत हयली झाली असती.

उरलेलं भराभर. हेडलाइट टूथपेस्टने चमकतात, आठ दिवस. मी 1000, 1500, 2000 नंबरचा पेपर पाण्यात मारून पॉलिश केलं, उत्तम झालं, पण वर यूव्ही कोट (उन्हापासून वाचवणारा थर) मारला नाही आणि मेपर्यंत पिवळे व्हायला लागले. काळ्या प्लास्टिकवर पॉलिश लागलं की पांढरे डाग पडतात, टेप लावा. त्या प्लास्टिकला खोबरेल तेल लावणारे पुष्कळ आहेत. दोन दिवस झकास, तिसऱ्या दिवशी सगळी धूळ त्यावर. महामार्गावर बॉनेटला खडीचा टवका उडाला तर त्याच आठवड्यात टचअप भरा. मी तीन आठवडे लावले आणि टवक्यात तांबडा ठिपका धरलेला सापडला.

आज, गणपती विसर्जन झाल्यावर, टॉर्च मारला तर बॉनेटवर हलकी जाळी आहे. हात शिवशिवतात, मशीन कोपऱ्यात आहे. पण कंपाऊंड नाही. फार तर बारीक पॉलिशचा एक हात, तोही हाताने. डिसेंबरात किती थर उतरला हे मोजायचं यंत्र माझ्याकडे नाही, आणि अजून दहा वर्षं गाडी वापरायची आहे. छपरावरचा चट्टा पावसात तळहातावरून ताटाएवढा झाला. पाऊस पूर्ण गेला की तेवढं छप्पर कुडाळला रंगवून घेणार. सात हजार सांगितलेत, साडेसहापर्यंत येईल.